तिच्या नंबरचा रिचार्ज

'घरखर्चाची वही' : वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

प्रश्न

काकू, नमस्कार.

मी घणसोली गावात राहतो, रबाळे एमआयडीसीत मशीन ऑपरेटर आहे. वय ३८. चौदा महिन्यांपूर्वी माझी मिसेस वारली. रात्री जेवणं झाल्यावर भांडी घासताना चक्कर आली. मेंदूत रक्तस्राव म्हणाले. एकोणीस दिवस आयसीयूत होती. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. आई गावाहून येऊन चार महिने राहिली, पण आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, तिचे गुडघे गेलेले. ती परत माणगावला गेली. आता घरात मी आणि मुलगी.

हातात ३३,२०० येतात. पूर्वी ओटी करायचो, आता सहाच्या आत घरी पोचावं लागतं. भाडं ८,५००. लाइट ९००, गॅस ९००. शाळा आणि व्हॅन मिळून २,६००. शाळा सुटल्यावर मुलगी शेजारच्या मावशींकडे थांबते, त्यांना २,०००. किराणा, दूध, भाजी ६,०००. आईला १,५००. पास आणि मोबाइल ७००. एकूण २३,१००.

कर्ज असं आहे. दवाखान्यासाठी बँकेतून पर्सनल लोन काढलं, त्याचा हप्ता ७,०८५, अजून ३३ हप्ते. माझ्या क्रेडिट कार्डावर ८४,००० आहेत, दर महिन्याला कमीत कमी भरायचे ४,२०० न चुकता भरतो. मिसेसच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं, घर बदललं तेव्हा डिपॉझिट आणि फ्रिजसाठी घेतलेलं. त्याचे ६१,००० राहिलेत, हप्ता ३,०००, तोही मीच भरतो. एक महिना चुकला तर त्यांचा माणूस आमच्या गेटवर आला, नवरा म्हणून तुम्हालाच भरावं लागेल म्हणाला. तिचं मंगळसूत्र आणि पाटल्या पतसंस्थेत गहाण आहेत, १,२०,००० वर महिन्याला १,२०० नुसतं व्याज जातं. मेव्हण्याचे ५०,००० द्यायचेत. ते मागत नाहीत, पण मला त्यांच्या दारात जायची लाज वाटते.

म्हणजे कर्जाला १५,४८५ जातात आणि दर महिन्याला पाच-साडेपाच हजार कमी पडतात. ते कधी बोनसमधून, कधी उसने घेऊन, कधी कार्डावर किराणा भरून भागवतो. मिसेस महाप्याला पॅकिंगच्या कंपनीत पाच वर्षं जात होती, १३,००० मिळायचे, तो हातभार गेला.

काटकसर करतो. केबल काढली, बाहेरचा चहा सोडला, दिवाळीला स्वतःला कपडे घेतले नाहीत. स्वयंपाक नीट येत नाही म्हणून मुलीला कधी कधी बाहेरून मागवतो. एक खर्च मात्र उगाच होतो. मिसेसचा नंबर अजून बंद केलेला नाही, त्याला रिचार्ज मारतो.

तीन गोष्टी विचारायच्या होत्या. मुलीला महापालिकेच्या शाळेत घालू का? सोनं मोडून टाकू का? आणि एक मित्र मोबाइलवरच्या ॲपमधून कर्ज घे म्हणतोय, पाच मिनिटांत मिळतं, त्यातून कार्ड संपव म्हणतो. घेऊ का?

– एक वाचक, घणसोली

उत्तर

आकडे वहीत उतरवून घेतल्याशिवाय मला पत्र कळत नाही. नौपाड्यातल्या एका पतसंस्थेत सत्तावीस वर्षं काढल्याचा तो परिणाम. तुमची बेरीज बरोबर आहे. पण दोन ओळी तुम्ही बेरजेच्या बाहेर ठेवल्यात. एक, 'कधी कधी बाहेरून मागवतो'. दुसरी, 'तो हातभार गेला'. पहिलीमुळे खड्डा तुम्ही सांगता त्यापेक्षा मोठा होतो. दुसरीमुळे तो बराचसा बुजतो, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

पत्राखाली नंबर होता म्हणून परवा फोन केला, आठवत असेल. मी विचारलं, तिचा पीएफ कापला जायचा का? तुम्ही म्हणालात, जायचा. मग काढलात का? तर म्हणालात, 'थोडाच असेल काकू, म्हटलं राहू दे, कोण चकरा मारणार.' पगाराची चिठ्ठी शोधायला लावली, तिच्यावर बेसिक ९,००० निघालं.

आता या 'राहू दे'चा हिशेब बघा. पीएफ असलेल्या प्रत्येक कामगाराचा एक विमा असतो, ईडीएलआय नावाचा. त्यासाठी कामगाराच्या पगारातून एक पैसा जात नाही, मालक भरतो. म्हणून तो चिठ्ठीवर दिसत नाही आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. कामगार नोकरीत असताना वारला, मग कारण कुठलंही असो, तर वारसांना ही रक्कम मिळते. पीएफ ज्या पगारावर कापला जातो त्याच्या ३५ पट, आणि पीएफच्या शिलकीच्या निम्मे. निम्म्याला १,७५,००० ची मर्यादा आणि सगळं मिळून जास्तीत जास्त ७ लाख. तुमच्या मिसेसचे ९,००० गुणिले ३५ म्हणजे ३,१५,००० झाले, शिलकीचा भाग वेगळा. पीएफची मूळ शिल्लक आणखी वेगळी.

शिवाय पेन्शन. नोकरीत असताना सभासद गेला तर जोडीदाराला पेन्शन मिळते आणि जोडीदार म्हणजे फक्त विधवा नव्हे, विधुरसुद्धा. कमीत कमी १,००० रुपये महिना. मुलीला त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे निदान २५०, तिला पंचवीस पूर्ण होईपर्यंत. रकमा मोठ्या नाहीत, पण दर महिन्याला येणाऱ्या आहेत.

बाई गेली आणि नवरा मागे राहिला की हे कागद कुणी काढतच नाही, असं मी इतक्या घरांत पाहिलंय. नवरा गेला की निदान कुणी तरी भाऊ, दीर सांगतो, फंडाचं बघ. बाईची नोकरी हा 'हातभार', मग हातभाराचा कसला फंड!

तिच्या कंपनीच्या एचआरकडे जा. पीएफ, पेन्शन आणि विमा या तिन्हींसाठी मृत्यूनंतरचा एकच एकत्रित अर्ज असतो, त्यावर मालकाची सही लागते. मृत्यूचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, तुमचं आधार, रद्द केलेला चेक असं सोबत न्या. नॉमिनी कोण लावलंय तेही तिथेच विचारा. लग्नाआधी आईचं नाव लावलेलं असतं आणि ते तसंच राहतं. तसं निघालं तरी घाबरू नका, पीएफच्या नियमात लग्नानंतर जुनं नॉमिनेशन आपोआप रद्द होतं.

एक गोष्ट बहुतेक हुकली. १३,००० पगार म्हणजे ती ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत होती. अंत्यविधीचे १५,००० तिथून मिळतात, पण अर्ज तीन महिन्यांच्या आत करावा लागतो. तरी दवाखान्याची बिलं घेऊन ईएसआयच्या शाखेत एकदा जाऊन या. तातडीच्या वेळी बाहेरच्या दवाखान्यात नेलं तर परतफेडीचा अर्ज करता येतो. मंजूर होईलच असं सांगत नाही.

आता फायनान्स कंपनीचे ६१,०००.

इथे मला थोडं स्वतःचं सांगावं लागेल. पतसंस्थेतली माझी शेवटची नऊ वर्षं वसुलीत गेली. कळव्याच्या एका चाळीत एक कर्जदार अचानक वारला. त्याचे दोन्ही जामीनदार फोन उचलेनात. मग मी त्याच्या बायकोकडे गेले. ती जामीनदार नव्हती, तिची सही एका कागदावर नव्हती. मला ते माहीत होतं. तरी दारात उभं राहून म्हणाले, 'नवऱ्याचं कर्ज बायकोने नाही फेडायचं तर कोणी?' ती बाई तुर्भ्याच्या मसाला मार्केटात मिरच्या निवडायला जायची. दोन वर्षं, दर महिन्याच्या सात-आठ तारखेला ती काउंटरवर पैसे आणून द्यायची, आणि नोटांना तिखटाचा वास यायचा. मला त्या वर्षी चांगल्या वसुलीबद्दल साडी मिळाली होती.

तेव्हा गेटवर आलेल्या त्या माणसाचं वाक्य मला पाठ आहे, आणि ते खरं नाही. तुम्ही त्या कर्जात सहकर्जदार नाही आणि जामीनदार नाही, तर नवरा आहात म्हणून तुमच्या पगारातून ते फेडायची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. मयताचं कर्ज त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल होतं, वारसाच्या हाती त्यातलं जेवढं आलं तेवढ्यापुरतंच. नॉमिनीला मिळणाऱ्या पीएफलाही मयताच्या कर्जासाठी हात लावता येत नाही. तिचं सोनं मात्र तिची मिळकत धरली जाऊ शकते, हे लपवत नाही. ते लोक कोर्टात जायची भाषा बोलले तर वकिलाला दाखवूनच पुढचं पाऊल टाका.

करायचं एवढंच. आधी कर्जाचे कागद काढून सह्या बघा, कारण 'आठवतं' आणि 'आहे' यात फरक असतो. मग तिच्या पासबुकात बघा, मंजूर रक्कम किती आणि प्रत्यक्ष खात्यात आली किती. मध्ये काही हजारांचा फरक असेल तर त्यात बहुतेक वेळा कर्जाच्या विम्याचा हप्ता कापलेला असतो. तसा विमा असेल तर राहिलेलं कर्ज विमा कंपनीने फेडायचं आहे, आणि तुम्ही चौदा महिन्यांत ४२,००० उगाच भरलेत. मृत्यूचा दाखला जोडून लेखी पत्र द्या, पोच घ्या. नवीन कुठल्याही कागदावर, 'सेटलमेंट'च्यासुद्धा, तुमच्या नावाने सही करू नका. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, धमकावायला तर कधीही. कंपनीकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीचा नंबर १४४४८.

कार्ड. हा तुमच्या घरातला खरा उंदीर. फोनवर तुम्ही म्हणालात की दवाखान्यात कार्डावर ५५,०००च गेले होते. चौदा महिने न चुकता ४,२०० भरून ते ८४,००० कसे झाले? स्टेटमेंटवर व्याज महिना ३.६ टक्के आहे. ८४,००० वर ते ३,०२४ होतं, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५४४. तुमच्या ४,२०० मधले ३,५६८ इथेच संपले. मुद्दलात गेले ६३२. आणि त्याच महिन्यात तुम्ही कार्डावर किराणा आणि पार्सलं मिळून हजारोंनी भरलंत. मागच्या महिन्याचं सगळं फेडल्याशिवाय नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, म्हणजे तूरडाळीवरसुद्धा पहिल्या दिवसापासून ३.६ टक्के.

तुमच्या कंपनीत कामगारांची पतपेढी आहे आणि ती ११ टक्क्यांनी कर्ज देते, हे तुम्ही फोन ठेवता ठेवता सांगितलंत, जणू काही त्याचा या पत्राशी संबंधच नाही! उद्या जाऊन ८४,००० चा अर्ज करा. तीन वर्षांची मुदत घेतली तर हप्ता २,७५० च्या आसपास बसतो. ४,२०० च्या जागी २,७५०, आणि तीन वर्षांनी ते खरंच संपतं. पैसे आले की कार्ड पूर्ण भरा आणि बंद करून घ्या. 'इमर्जन्सीला असू दे' म्हणाल. तुमची इमर्जन्सी दर शनिवारी पार्सल घेऊन येते.

ॲप नको. पाच मिनिटांत मिळणारं कर्ज कुठल्या व्याजाने मिळतंय हे समजून घ्यायला पाच मिनिटं पुरत नाहीत. जे ॲप फोनमधले कॉन्टॅक्ट आणि फोटो मागतं ते रिझर्व्ह बँकेचे नियम पाळत नाही, एवढी खूण लक्षात ठेवा आणि मित्रालाही सांगा.

सोनं मोडू नका. मित्रमंडळी म्हणतील, पर्सनल लोन १६ टक्क्यांचं, सोनं १२ टक्क्यांचं, विम्याचे पैसे आले की आधी लोन फेडा. आकड्याने ते बरोबर आहे. तरी मी सांगेन, आधी १,२०,००० भरून सोनं सोडवा. तुम्ही नुसतं व्याज भरताय, मुद्दल जागचं हललेलं नाही. अशी खाती लिलावाच्या यादीत कशी जातात ते मी यादी करणाऱ्या टेबलावर बसून पाहिलंय. आणि ते सोनं तुमच्या मुलीचं आहे. मग मेव्हण्याचे ५०,०००. सत्तर हजार वेगळ्या खात्यात, ज्याचं एटीएम कार्ड घ्यायचं नाही. उरलेले पर्सनल लोनमध्ये, आगाऊ भरण्यावर दंड किती ते विचारून. पीएफची शिल्लक येईल ती मुलीच्या नावे ठेवा.

मेव्हण्याकडे मात्र पैसे यायची वाट बघत थांबू नका. मुलीला घेऊन या रविवारी जा. त्यांची बहीण गेलीय, तुम्ही घरी येत नाही याचा ते वेगळाच अर्थ लावत असतील.

आता बेरजेबाहेरची पहिली ओळ. 'कधी कधी' म्हणजे किती, विचारलं तर आठवड्याला तीनदा निघालं. एका वेळचे अडीचशे धरले तरी महिन्याला ३,०००. म्हणजे तूट ५,३८५ नव्हे, ८,३८५.

तुम्हाला स्वयंपाक येत नाही हे मी मान्य करत नाही, पोळ्या येत नाहीत एवढंच. मशीन चालवणाऱ्या माणसाला कुकर चालवता येतो. घरी तीन डब्यांचा कुकर असेलच. खालच्या डब्यात तूरडाळ, हळद, हिंग आणि दोन थेंब तेल. मधल्यात तांदूळ. वरच्यात दोन बटाटे, नाही तर लाल भोपळ्याच्या फोडी, पाणी न घालता. खाली कुकरमध्ये बोटभर पाणी. चार शिट्ट्या. तेवढ्यात तुमची अंघोळ होते. वाफ गेली की वरणाला जिरं-लसणाची फोडणी, त्याच कढईत नंतर बटाटा मोहरी-मिरचीवर परतायचा. आधी वरण, मग भाजी, कढई मध्ये धुवायची नाही. पस्तीस मिनिटांत ताट होतं. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला लसूण सोलायला द्या. तेवढा वेळ ती तुमच्याजवळ बसून शाळेतलं सांगेल.

पोळ्यांसाठी शेजारच्या मावशींना महिन्याला ५०० जास्त द्या. कणीक, तेल तुमचं. त्या स्वतःच्या लाटतातच, त्यात तुमच्या सहा. पार्सल आठवड्यातून एकदाच, शनिवारी, आणि ते रोख पैशांनी. म्हणजे २,००० वाचले, ५०० गेले.

सगळं परत मांडते. ८,३८५ मधून तिच्या कर्जाचा हप्ता ३,००० गेला. कार्डाच्या जागी पतपेढी आली, १,४५० वाचले. जेवणाचे १,५००. राहिले २,४३५. पेन्शन तुमची आणि मुलीची मिळून १,२५०. सोनं सुटलं की १,२०० व्याज थांबलं. महिनाअखेर शिल्लक १५ रुपये. हसू नका, चौदा महिन्यांत तुमच्या वहीत शिल्लक पहिल्यांदाच निघतेय. ती सगळे कागद झाल्यावरची आहे. तोवर चार-पाच महिने ओढाताण होईल, तेवढ्यापुरतं आईला फोन करून खरं सांगा. तिला ५०० कमी पाठवलेत तर तिला चालेल, लपवलंत तर चालणार नाही.

एका पालकाच्या मुलांसाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजनाही आहे, मुलामागे महिना २,२५०. ठाण्याच्या जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात चौकशी करा. ती मी बेरजेत धरलेली नाही, मिळाली तर वरची.

शाळा. महापालिकेच्या शाळेला नाव ठेवायचं काही कारण नाही, नवी मुंबईच्या पालिकेने तर सीबीएसईच्या शाळाही काढल्यात. पण २,६०० मध्ये व्हॅन आहे, ती कुठल्याही शाळेला लागेलच. वाचणार थोडंच. आई गेल्यावर त्या मुलीच्या आयुष्यात जे जागच्या जागी आहे त्यात शाळा आणि बाकावरची मैत्रीण आहे. यंदा राहू दे. हे एक 'राहू दे' माझ्याकडून.

राहिला तिच्या नंबरचा रिचार्ज. तो उगाच नाही. तिचा फोन चार्ज करा आणि मेसेज वर सरकवत मागे जा. पीएफचे मेसेज सापडतील, त्यात तिचा यूएएन, म्हणजे पीएफचा खातेनंबर असेल. बँकेचे मेसेज मे-जूनपर्यंत मागे नेऊन ४३६ रुपये कापल्याचा एखादा दिसतो का बघा. दिसला तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता. त्याचे २ लाख असतात, आणि लगेच तिच्या बँकेच्या शाखेत जायचं. २० रुपये कापलेले दिसले तर ते अपघात विम्याचे, त्याचा इथे उपयोग नाही.

कागद पुरे होईपर्यंत हा खर्च वहीत 'कागदपत्रं' म्हणून लिहा. नंतर बंद करायचा की चालू ठेवायचा ते मला विचारू नका. चालू ठेवलात तर किराण्याच्या खाली लिहा, मी तपासणार नाही.